पावती देणारे यंत्र : फॅक्स, लिनक्स आणि सर्वांना खुली असलेली एक नियमावली

२१ नोव्हेंबर २०१८ च्या संध्याकाळी जम्मू-काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांनी सरकार स्थापनेचा दावा करणारे पत्र राजभवनाकडे फॅक्सने पाठविण्याचा प्रयत्न केला. फॅक्स घेतला जात नाही, असे त्यांनी ट्विटरवर जाहीर केले आणि पत्रही तेथेच प्रसिद्ध केले. त्याच रात्री राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी विधानसभा विसर्जित केली. ईदच्या सुट्टीमुळे फॅक्स घ्यायला कोणी हजर नव्हते, असे स्पष्टीकरण त्यांनी पुढे दिले. त्यानंतर कित्येक दिवस त्या फॅक्सयंत्रावर विनोद होत राहिले.

त्या हशात एक प्रश्न मात्र विरून गेला. ट्विटरवर पत्र साऱ्या देशाला वाचता येत असताना ते ‘पोहोचले’ की नाही, हा वाद एका जुनाट यंत्राभोवती का फिरावा? सरकारी कारभाराची सवय एवढेच उत्तर पुरेसे नाही. एखादे पत्र जगाने पाहणे आणि ज्याच्या नावे ते आहे त्याने ते स्वीकारणे, या दफ्तरी व्यवहारात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॅक्सची सारी रचना त्या दुसऱ्या गोष्टीभोवती, म्हणजे पावतीभोवती उभी आहे.

काश्मीरचे राजकारण हा या थ्रेडचा विषय नव्हे. विषय आहे ती पावती कशी तयार होते हा, आणि त्याहूनही अधिक, ती पावती देण्या-घेण्याचा अधिकार घरी बसलेल्या सामान्य माणसाच्या संगणकाला कसा मिळाला हा. कार्यालयातील फॅक्सयंत्र ही बंद पेटी. कागद आत जातो, शिट्ट्या ऐकू येतात, चिटोरे बाहेर पडते. पेटीच्या आत काय चालते हे ज्यांनी उघडून पाहिले, त्यांत १९९० च्या दशकात लिनक्सच्या संगणकाला मोडेम जोडून बसलेली मंडळी होती. फॅक्सच्या रूढ इतिहासात त्यांना जागा मिळत नाही. तो इतिहास यंत्रांचा सांगितला जातो, आणि तेथेच तो चुकतो. फॅक्सने जग जिंकले ते यंत्राच्या जोरावर नव्हे, एका नियमावलीच्या जोरावर.

यंत्र तर फार जुने. स्कॉटलंडचा घड्याळजी अलेक्झांडर बेन याने दूरवर प्रतिमा पाठविण्याच्या कल्पनेचे पेटंट १८४३ मध्ये घेतले. टेलिफोनचे पेटंट १८७६ चे, म्हणजे फॅक्स टेलिफोनहून ३३ वर्षांनी थोरला. इटलीच्या जोव्हानी कासेल्ली याच्या ‘पँटेलिग्राफ’वर १८६५ पासून पॅरिस ते लियों अशी जाहीर सेवाही चालली आणि तिचा एक उपयोग बँकांच्या व्यवहारातील सह्या पडताळण्यासाठी होत असे. सही जशीच्या तशी पलीकडे दिसावी, ही गरज तेव्हापासूनची आहे. पण पुढची शंभर वर्षे एका कारखान्याचे यंत्र दुसऱ्या कारखान्याच्या यंत्राशी सहसा बोलू शकत नसे.

ते बोलू लागले जिनिव्हामुळे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सीसीआयटीटी या समितीने १९६८ मध्ये ‘ग्रुप १’ ही शिफारस काढली; तिच्यात एका पानाला सुमारे सहा मिनिटे लागत. १९७६ च्या ‘ग्रुप २’ मध्ये तीन. १९८० मध्ये ‘ग्रुप ३’ आला आणि पान मिनिटाच्या आत जाऊ लागले. पानाचे चित्र कसे संकेतात बांधावे हे टी.४ या शिफारशीत, आणि दोन यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे हे टी.३० मध्ये. जपानी, युरोपीय, अमेरिकी कारखाने एकच भाषा बोलू लागले. १९८९ मध्ये परदेशांतील चिनी विद्यार्थी तिआनआनमेन चौकातील बातम्या चीनमधील फॅक्स क्रमांकांवर धाडत होते. पलीकडचे यंत्र कोणत्या कंपनीचे आहे याची चौकशी त्यांना करावी लागली नाही, कारण ती अनावश्यक ठरावी अशी व्यवस्था नऊ वर्षांपूर्वीच होऊन गेली होती.

टी.३० चा संवाद ऐकण्यासारखा आहे. अक्षरशः ऐकण्यासारखा, कारण तो सारा स्वरांत चालतो. पाठविणारे यंत्र ११०० हर्ट्झचा अर्ध्या सेकंदाचा स्वर दर तीन सेकंदांच्या विरामाने देत राहते : मी फॅक्स आहे. घेणारे २१०० हर्ट्झचा लांब स्वर काढते : मीही. मग घेणारे यंत्र सेकंदाला ३०० बिटांच्या संथ गतीने आपली कुवत सांगते, म्हणजे कोणता वेग झेपेल, कागदाची रुंदी किती, बारीक प्रत घेता येईल का. पाठविणारे त्यातून निवड करून कळविते आणि दीड सेकंद नुसती शून्ये पाठवून तार तपासते. शून्ये नीट पोहोचली तर होकार येतो. नाही पोहोचली तर नकार येतो, वेग उतरविला जातो आणि पुन्हा तपासणी होते. हे सारे जमल्यावरच पान निघते. पान संपले की पाठविणारे विचारते, घेणारे ‘मिळाले’ असे सांगते आणि मगच निरोप घेतला जातो.

पावती म्हणतात ती हीच. ती नंतर येणारे वेगळे पत्र नाही. त्याच संभाषणात, तार जोडलेली असतानाच ती दिली जाते. ई-मेल पाठविणाऱ्याला असा भरवसा नसतो. निरोप मधल्या एखाद्या सर्व्हरने घेतला, एवढेच त्याला कळते. अर्थात फॅक्सच्या ‘मिळाले’चा अर्थ पान यंत्राने घेतले एवढाच, माणसाने वाचले असा नव्हे. न्यायालयात आणि दफ्तरात या दोहोंची गल्लत पुष्कळदा झालेली आहे.

आता संगणकाकडे. १९९० च्या सुमारास टेलिफोनच्या मोडेममध्ये फॅक्सची सोय येऊ लागली आणि संगणकाने मोडेमला कोणत्या आज्ञा द्याव्यात याचेही मानक अमेरिकेत ठरले. ‘क्लास १’ या पद्धतीत मोडेम फक्त स्वर काढतो आणि ओळखतो; टी.३० चा सारा संवाद संगणकाने चालवायचा. ‘क्लास २’ मध्ये तो संवाद मोडेम स्वतः चालवितो आणि संगणकाने केवळ पान पुरवायचे. गंमत अशी की दुसऱ्या मानकाचा कच्चा मसुदा पाहूनच कारखान्यांनी मोडेम बाजारात आणले. अंतिम मानक वेगळे निघाले, तेव्हा त्याला ‘२.०’ म्हणावे लागले आणि मसुद्यावरचे मोडेम ‘२’ म्हणून तसेच विकले जात राहिले. ‘एटी+एफक्लास=?’ असे विचारले की मोडेम आपले वर्ग सांगे. त्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा, हे मोडेम वापरणाऱ्याला अनुभवानेच कळे.

क्लास १ ची परीक्षा कडक होती. दोन संकेतांमधील शांतता सुमारे ७५ मिलिसेकंदांची, वीस कमी किंवा वीस जास्त एवढीच सूट. लिनक्स ही एकाच वेळी अनेक कामे करणारी प्रणाली. फॅक्स चालू असताना डिस्कवर दुसरे काम निघाले आणि क्षणभर उशीर झाला, तर पलीकडचे यंत्र रुसून बसे. त्यात जुन्या संगणकांच्या सिरियल पोर्टवरील ८२५० ही चिप एका वेळी एकच अक्षर धरून ठेवी. दुसरे येईपर्यंत पहिले उचलले नाही तर ते गेलेच. १६५५०ए या चिपमध्ये १६ अक्षरांची रांग मावे. फॅक्स घेऊ पाहणाऱ्या लिनक्सवाल्याला मोडेमइतकीच या चिपचीही चौकशी करावी लागे. घेणे हे पाठविण्यापेक्षा नेहमीच अवघड. पाठविणारा आपली वेळ निवडतो. घेणाऱ्याला मध्यरात्रीही सिद्ध राहावे लागते.

या कामी तीन नावे महत्त्वाची. सॅम लेफलर हे बर्कलीच्या युनिक्सच्या जडणघडणीतील जुने जाणते. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये असताना त्यांनी ‘फ्लेक्सफॅक्स’ लिहिले. ते नाव दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी जुळत असल्याने पुढे ‘हायलाफॅक्स’ झाले. जर्मनीत गेर्ट ड्योरिंग यांनी १९९३ पासून ‘एमगेटी’ आणि तिच्या जोडीचे ‘सेंडफॅक्स’ रचले. एड कासास यांचे ‘ईफॅक्स’ सर्वांत आटोपशीर. एकट्या माणसाच्या संगणकासाठी ते पुरेसे होते. तिन्ही आज्ञावली स्रोतासह खुल्या होत्या.

एमगेटीची युक्ती साधी आणि सुरेख. घरात टेलिफोनची एकच तार, तिच्यावर फॅक्सही यायचा आणि दुसऱ्या संगणकाचा फोनही. एमगेटी मोडेमला आपोआप उत्तर देऊ देत नसे. घंटी वाजली की ती स्वतः उचली, पलीकडे फॅक्स आहे की संगणक हे मोडेमच्या जबाबावरून ओळखी आणि त्याप्रमाणे वाट करून देई. मधल्या वेळात तीच तार बाहेर फोन लावायला मोकळी राही.

हायलाफॅक्सचा आवाका कार्यालयाचा. एक संगणक दारावर, बाकीचे सारे त्याच्याकडे कागद सोपविणार. पोस्टस्क्रिप्टमधील मजकूर घोस्टस्क्रिप्टने फॅक्सच्या ठिपक्यांत उतरवायचा, रांगेत लावायचा, पलीकडे तार गुंतलेली असेल तर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, आणि ठरावीक वेळी पाठवायचा असेल तर तोवर धरून ठेवायचा. ज्या काळात भारतात रात्री उशिरा एसटीडीचे दर दिवसाच्या पाव हिश्शापर्यंत उतरत आणि लोक त्या वेळेला बूथवर रांगा लावत, त्या काळात पहाटेपर्यंत न पेंगता रांग उपसणाऱ्या कारकुनाचे मोल काय असेल, हे सांगायला नको.

येथे मराठी वाचकाला जवळचा असा एक मुद्दा येतो. फॅक्सला लिपी कळत नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण ठरला. तारयंत्राला प्रत्येक लिपीसाठी वेगळा संकेत शिकवावा लागे. फॅक्सला कागदावर फक्त काळे आणि पांढरे दिसते. जपानमध्ये फॅक्स इतका रुजला त्याचे एक कारण कांजी लिपी हे मानले जाते. तालुक्याच्या गावातील वार्ताहर हाताने लिहिलेली मराठी बातमी पुण्या-मुंबईच्या कचेरीत फॅक्सने पाठवू लागला, तेही याच गुणामुळे. टी.४ ची पद्धत पानाच्या प्रत्येक आडव्या ओळीत सलग काळे किती आणि सलग पांढरे किती हे मोजते. देवनागरीची शिरोरेषा म्हणजे एक लांब सलग काळी धाव. ती थोड्या बिटांत मावते. उलट साध्या प्रतीत मिलिमीटरला चारहूनही कमी ओळी असल्यामुळे बारीक टंकातला अनुस्वार हरवू शकतो. म्हणून मराठी मजकुराला दुप्पट ओळींची ‘फाइन’ प्रत हवी. संकेतपद्धती तपासण्यासाठी सीसीआयटीटीने ठरविलेल्या आठ नमुना-पानांत एक पान दाट कांजी लिपीचे होते. देवनागरीचे एकही नव्हते. तरीही देवनागरी चालली, आणि कोणाची परवानगी न मागता चालली.

त्याच वर्षांत संगणकावरच्या मराठीची अवस्था काय होती? श्रीलिपी, आकृती अशा पद्धतींत टंकित केलेला मजकूर त्या त्या फाँटवाचून निरर्थक चिन्हांचा ढिगारा दिसे. तो ढिगारा आजही अनेक संस्थांच्या जुन्या डिस्कवर पडून आहे. पण तेच पत्र फॅक्स म्हणून संगणकात शिरले असेल तर ते ठिपक्यांचे चित्र आहे आणि आजही वाचता येते. त्यात शब्द शोधता येत नाही, ही उणीव खरी. न वाचता येणाऱ्या मजकुराच्या तुलनेत ती लहान आहे.

‘खुली नियमावली’ हा शब्द सैलपणे वापरू नये, असा आक्षेप जाणकार घेतील आणि तो योग्य आहे. सीसीआयटीटीची पुस्तके विकत घ्यावी लागत आणि ती महाग असत. १९९१ मध्ये कार्ल मॅलमूड यांनी संघाच्या संमतीने त्यांतील ‘ब्लू बुक’ इंटरनेटवर ठेवले. काही महिन्यांतच संघाने ती मुभा काढून घेतली. शिफारशी सर्वांना विनामूल्य मिळण्यासाठी २००७ उजाडावे लागले. तेव्हा खुलेपणा पुस्तकाच्या किमतीत नव्हता. तो यात होता की पुस्तक ज्याच्या हाती पडेल त्याने ते पाळून यंत्र किंवा आज्ञावली करावी, आणि सरकारी कचेरीतल्या यंत्राने तिला समान मानून ‘मिळाले’ म्हणावे. त्यासाठी कोणत्याही कंपनीकडे नोंदणी करावी लागत नसे.

हा अधिकार किती नाजूक असतो हे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसले. मोडेम स्वस्त करण्यासाठी कारखान्यांनी त्यातील स्वर ओळखणारी चिप काढून टाकली आणि ते काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर ढकलले. हे ‘विनमोडेम’ फक्त विंडोजसाठी दिलेल्या आज्ञावलीवर चालत. ती आज्ञावली गुप्त. चिपशी कसे बोलायचे तेही गुप्त. टेलिफोनच्या तारेवरचे नियम जगजाहीर असूनही संगणक आणि तार यांच्यामधला हातभर रस्ता बंद झाला. लिनक्सवाल्यांनी ‘लिनमोडेम’ म्हणून धडपड केली. काही चिपांपुरते अर्धेमुर्धे यश आले. ज्याला फॅक्स हवा त्याने जुना, बाहेर ठेवायचा, जड मोडेम शोधावा, हाच सल्ला पुढे कित्येक वर्षे दिला गेला.

विनमोडेमची कल्पना मुळात वाईट होती, असा निष्कर्ष यातून काढला जातो. तो चूक आहे. पुढे स्टीव्ह अंडरवुड यांनी ‘स्पॅनडीएसपी’ नावाची आज्ञावली लिहिली. स्वर काढणे, ओळखणे आणि टी.३० चा संवाद, सारे त्यात प्रोसेसरच करतो. म्हणजे विनमोडेमचेच काम, फक्त स्रोत सर्वांपुढे उघडा. ॲस्टरिस्क या मुक्त टेलिफोन प्रणालीला ती जोडली गेली. ली हॉवर्ड यांच्या ‘आयएएक्समोडेम’ने हायलाफॅक्सला असा भास निर्माण करून दिला की आपल्यापुढे खरा मोडेम आहे. ज्या तंत्राने लिनक्सवाल्यांचा फॅक्स बंद पडला होता, त्याच तंत्राने, कुलूप निघताच, तो मोडेमवाचून चालू झाला.

ही सोय वेळेवर झाली, कारण एव्हाना तारच बदलत होती. टेलिफोनचा आवाज इंटरनेटच्या पाकिटांतून जाऊ लागला. माणसाच्या बोलण्यातला क्षणाचा विसावा हरवला तरी अर्थ कळतो. फॅक्सच्या ओळीतले पाकीट हरवले तर पान फाटते. त्यावर १९९८ मध्ये टी.३८ ही शिफारस आली. स्वर पाठवू नयेत, स्वरांतला आशय पाकिटांत घालून पाठवावा, हा तिचा गाभा. प्रत्यक्षात वाटेवरच्या प्रत्येक टेलिफोन कंपनीने ती नीट पाळावी लागते. तेथे अजूनही रडकथा आहेत.

फॅक्सचे गुणगान करताना त्याचे दोष झाकू नयेत. मजकूर उघडा जातो, तारेवर कान लावणाऱ्याला तो मिळू शकतो. ट्रेमध्ये पडलेला कागद येणारा-जाणारा वाचतो. क्रमांकातला एक आकडा चुकला तर रुग्णाचा अहवाल तिसऱ्याच्याच हाती. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने जानेवारी २०१९ पासून नवी फॅक्सयंत्रे घेण्यावर बंदी घातली, ती उगाच नव्हे. पण त्या जागी जे आले त्याकडेही पाहावे. आजच्या बहुतेक निरोप-ॲपांत एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पत्र पाठवू शकत नाही, आणि स्वतः लिहिलेली आज्ञावली जोडणाऱ्याचे खाते बंद होऊ शकते. १८६५ ते १९६८ या शतकातल्या यंत्रांची जी अवस्था होती, तीच ही. फरक एवढाच की तेव्हा ती अडचण मानली जात होती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात प्रत्यक्ष काम आहे. १९९० च्या दशकातील कचेऱ्यांचे फॅक्स बहुतांशी थर्मल कागदावर उतरले. तो कागद उष्णतेने आणि उजेडाने फिका पडतो. म्हणूनच शहाणे कारकून आलेल्या फॅक्सची लगेच झेरॉक्स काढून ती फायलीला लावत. जेथे ते झाले नाही तेथे आज कोरे, पिवळट कागद उरले आहेत. ज्या कचेरीत लिनक्सचा संगणक फॅक्स घेत होता, तेथे मात्र आलेले प्रत्येक पत्र टिफ फाइल म्हणून डिस्कवर असू शकते. टिफ हा आराखडा आल्डस कंपनीने १९८६ मध्ये काढला, आणि तो वाचणारी ‘लिबटिफ’ ही मुक्त आज्ञावली याच सॅम लेफलर यांनी १९८८ पासून घडविली. त्या फाइली आजचा कोणताही संगणक उघडतो.

अशी जुनी डिस्क हाती आली तर ‘रेकव्हक्यू’ नावाची निर्देशिका पाहावी आणि फाइलीवर ‘फॅक्सइन्फो’ चालवावे. पाठविणाऱ्याची ओळख, पानांची संख्या, प्रतीचा दर्जा, मिळाल्याची वेळ आणि वेग, एवढे त्यातून निघते. हायलाफॅक्सच्या नोंदवहीत तर प्रत्येक संभाषण पायरीपायरीने टिपलेले असते. ‘मिळाले’ कधी म्हटले गेले हेही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाठविणाऱ्याची ओळख ही त्याने स्वतः आपल्या यंत्रात भरलेली असते. तिची कोणी शहानिशा केलेली नसते. आणि पानाच्या माथ्यावर छापलेली तारीख पाठविणाऱ्याच्या यंत्राच्या घड्याळाची असते. वीज गेल्यावर ते घड्याळ पुन्हा लावायचे अनेक कचेऱ्यांत राहून जाई. माथ्यावरची तारीख आणि नोंदवहीतली वेळ यांत तफावत असेल, तर नोंदवही अधिक विश्वासाची.